गाडीचं नाव तुतारी, डब्याची भिंत मुकी!



दादरहून सावंतवाडीला रात्रीची एक गाडी जाते. तिचं नाव तुतारी एक्स्प्रेस. आधी तिला राज्यराणी म्हणत. 2017 साली, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री होते तेव्हा, तिचं नाव बदललं आणि कवी केशवसुतांच्या ‘तुतारी’ या कवितेचं नाव तिला दिलं. केशवसुत म्हणजे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मालगुंडचे कृष्णाजी केशव दामले. जन्म 1866 चा. मुंबईत थोड्या पगाराच्या नोकऱ्या करत त्यांनी दिवस काढले, 1893 साली ती कविता लिहिली आणि 1905 साली हुबळीला प्लेगनं गेले. वयाची चाळिशीही गाठली नाही. अशा माणसाच्या कवितेचं नाव आगगाडीला मिळालं, हे आम्हाला आवडलं. नद्यांची, किल्ल्यांची, राजांची नावं गाड्यांना असतात. कवितेच्या नावानं धावणाऱ्या गाड्या फार थोड्या.

ही तुतारी आमच्या पेणवरून, रोह्यावरून धडधडत जाते. आणि आमचा सवाल साधा आहे. गाडीच्या पाटीवर तुतारी, तिकिटावर तुतारी, फलाटावरच्या कर्ण्यातून तुतारी. मग डब्याच्या आत ती कविता कुठं आहे? आम्ही ज्या ज्या डब्यांत बसलो, उभे राहिलो, संडासाच्या दाराशी बोचकं टाकून निजलो, त्या एकाही डब्यात तिची एक ओळ आम्हाला दिसली नाही. गणपतीला गावी निघालेलं पोर बापाला विचारतं, ‘आबा, तुतारी म्हंजे काय हो?’ बाप सांगतो, ‘लग्नात वाजवतात ती.’ बापाचं काय चुकलं? त्याला दुसरी तुतारी कुणी दाखवलीच नाही!

डब्यात लिहिलेलं काय असतं ते बघा. साखळी ओढाल तर दंड. विनातिकीट सापडाल तर दंड. थुंकाल तर दंड. एसटीत चढा, तिथं खिडकीबाहेर हात काढू नका, चालकाशी बोलू नका, सुटे पैसे द्या, ही जागा आमदारांची, ती जागा राखीव. आणि या हुकुमांच्या मधल्या जागेत मूळव्याधीचं औषध, इंग्रजी बोलायला शिकवणारा वर्ग, चोवीस तासांत कर्ज. कामगार माणूस गाडीत बसला की भिंत त्याच्याशी दोनच गोष्टी बोलते, एक तर दटावते नाही तर काहीतरी विकते. हे हुकूम नकोत असं आम्ही म्हणत नाही. संकटकाळचा दरवाजा कुठं आहे ते लिहिलंच पाहिजे. पण सारी भिंत त्यांनाच का? एक हात लांब आणि वीतभर रुंद जागा आम्हाला आमच्या कवितेसाठी द्या, एवढंच आमचं मागणं आहे.

आता कुणी म्हणेल, ह्या मागावरच्या लोकांना कवितेचं वेड कुठून लागलं? ऐका तर मग.

मुंबईच्या गिरण्यांचे भोंगे थंडावले. 18 जानेवारी 1982 ला जो संप सुरू झाला त्यानंतर एकेक साचा बंद पडत गेला, आणि जिथं आमच्या वडिलांनी पाळ्या केल्या तिथं आज काचेचे मनोरे उभे आहेत. पेण, रोहा, माणगाव, तळा इथली घरं तरीसुद्धा पोटासाठी बाहेर जायची थांबली नाहीत. कुणी धाटावच्या रसायनांच्या कारखान्यात, कुणी तळोजाला, आणि ज्यांच्या हाताला सुताची सवय आहे असे आम्ही भिवंडीच्या मागावर. रोह्याहून दिव्याची गाडी धरायची. नागोठणे, कासू, पेण, हमरापूर, जिते, आपटा, पनवेल करत दिवा. तिथं गाडी बदलायची आणि भिवंडी रोडला उतरायचं. काहीजण आठवड्यानं जातात येतात, काहीजण पंधरवड्यानं. रस्त्यानं जावं तर मुंबई-गोवा रस्ता. पनवेल ते इंदापूर रुंदीकरणाचं काम 2011 साली सुरू झालं आणि दहा वर्षं उलटली तरी संपलं नाही! वडखळच्या नाक्यावर अडकलेल्या एसटीत आम्ही जे तास घालवले ते मोजले तर त्यात दोन इयत्ता शिकून झाल्या असत्या.

इयत्तेचं नाव निघालं म्हणून सांगतो. आमच्यातले बहुतेक चौथी, नाही तर पाचवी. अक्षर शिकलो ते खरं, पण अक्षराला रोज पाणी घालावं लागतं. शाळा सुटली, पुस्तक सुटलं. घरात पुस्तक नाही. खोलीवर बारा-बारा माणसं पाळीपाळीनं झोपतात, तिथं दिवा कुणासाठी जाळायचा? मग वाचायचं काय, तर पगाराची चिठ्ठी आणि औषधाच्या बाटलीवरचं नाव. हळूहळू जोडाक्षर अडतं, मग लांब ओळ अडते, मग माणूस कागद दुसऱ्याच्या हातात देऊन म्हणतो, ‘चष्मा घरी राहिला, जरा बघ रं काय लिवलंय.’ चष्मा त्याच्याकडे कधी नव्हताच. आमच्यासारख्यांना रोज तास-दोन तास सक्तीनं एका जागी बसवणारी, डोळ्यांसमोर भिंत धरणारी एकच जागा आहे, ती म्हणजे गाडी. त्या भिंतीवर आठ ओळी असल्या तर त्या आम्ही वाचू. पहिल्या दिवशी अडखळत, चौथ्या दिवशी सरळ, आणि आठवड्यानं पाठ. पोराला शाळेत सक्तीनं पाठ करावी लागते ती कविता आम्हाला फुकटात पाठ होईल.

शिवाय गाडीत कविता नवी आहे कुठं? मुंबईच्या लोकलमध्ये भजनी मंडळं वर्षानुवर्षं टाळ वाजवत अभंग म्हणत आली. तुकोबा, जनाबाई, चोखोबा यांना तिकीट कुणी विचारलं नाही! आमच्या दक्षिण रायगडात शक्ती-तुऱ्याच्या बाऱ्या होतात, त्यांचे शाहीर रात्री नाचून पहाटेच्या गाडीत बसतात ते कवनं जुळवतच. आगरी-कोळ्यांच्या लग्नात धवलारीण धवले गाते, तिला पुस्तक लागत नाही. आणि गिरणगावाचं काय सांगावं? अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक उभं केलं. अण्णाभाऊंची शाळा जवळजवळ झालीच नव्हती. गावी बायको आणि मुंबईत नवरा, ही आपली ताटातूट त्यांनी ‘माझी मैना’ या लावणीत घातली आणि त्याच लावणीत संयुक्त महाराष्ट्राचा प्रश्नही घातला. चाळीचाळींतून ती लोकांच्या तोंडी गेली. नारायण सुर्वे यांना एका गिरणी कामगारानं पोर म्हणून उचलून वाढवलं. त्यांचा पहिला संग्रह ‘ऐसा गा मी ब्रह्म’ 1962 चा. म्हणजे कविता ही आमच्याच घरातली. घरातल्या माणसाला गाडीत जागा मागतो आहोत, परक्याला नाही.

ही कल्पना वेडगळ आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी जरा बाहेर पाहावं. लंडन शहरात जमिनीखालून आगगाड्या धावतात. तिथं 1986 साली जुडिथ चेरनाइक नावाच्या लेखिकेनं दोन कवी सोबत्यांना घेऊन रेल्वेवाल्यांकडे मागणी केली, की डब्यातल्या जाहिरातींच्या ओळीत थोड्या जागांवर कविता लावू द्या. रेल्वेवाल्यांनी मान्य केलं. जुन्या कवींच्या, नव्या कवींच्या, परदेशी कवींच्या छोट्या कविता डब्यांतून लागल्या, आणि तो रिवाज आजवर चालत आला आहे. 1992 पासून न्यूयॉर्कच्या गाड्यांतही तसंच सुरू झालं. त्या दोन्ही शहरांत गर्दी कमी आहे का? तिथल्या कंपन्यांना जाहिरातीचा पैसा नको आहे का? पण पैशाच्या रांगेत त्यांनी कवितेलाही उभं केलं. आमचं इतकंच म्हणणं आहे, की साहेबाच्या देशातून रूळ आणले, डबे आणले, दंडाचे कायदे आणले, मग ही एक बरी गोष्ट आणायला कुणाचा हात धरला?

आणि आमच्याकडे तर मधू दंडवते होऊन गेले. राजापूरचे खासदार, 1977 साली रेल्वेमंत्री झाले. त्यांनी त्याच वर्षी मुंबई-हावडा गीतांजली एक्स्प्रेस सुरू केली. नाव रवींद्रनाथांच्या कवितांच्या पुस्तकाचं, आणि तेव्हा गाडीत पहिला वर्ग नव्हताच! सारे प्रवासी एका वर्गाचे. लाकडी फळीवर पाठ शेकून निघायची त्या दुसऱ्या वर्गात मऊ गादी आली ती याच माणसाच्या कारकिर्दीत. गादी आणि गीतांजली दोन्ही एका हातानं येऊ शकतात, हे कोकणच्याच माणसानं दाखवून दिलं आहे. म्हणून जे आम्हाला सांगतात की आधी बसायला जागा मागा, गळकं छप्पर मागा, वेळेवर गाडी मागा, कविता मग बघू, त्यांना आमचं उत्तर हे आहे. जागा तर आम्ही मागतोच आहोत. छपरासाठी भांडतोच आहोत, आणि भांडत राहू. पण गरिबाच्या मागण्यांची रांग लावायची आणि मनाची गोष्ट कायम शेपटाला ठेवायची, ही मालकांची जुनी युक्ती आहे. पोट भरल्यावर गाणं, असा नियम असता तर आमच्या आज्या जात्यावर मुक्याच राहिल्या असत्या!

दुसरा आक्षेप मोबाईलचा. आता प्रत्येकाच्या हातात पेटी आहे, भिंतीकडे कोण बघतो? बघतो ना! संध्याकाळच्या गाडीत एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्या हातात डबा असला की मोबाईल खिशातच राहतो. कासूच्या पुढं कित्येकदा त्याची रेंजही जाते. आणि त्या पेटीत जे येतं ते कुणीतरी आपल्या फायद्यासाठी ढकललेलं असतं. भिंतीवरची कविता काही विकत नाही आणि सारखी बदलतही नाही. महिनाभर तिथंच थांबते.

तिसरा आक्षेप, लोक पिचकाऱ्या मारतील, ओरबाडतील, खाली स्वतःची नावं लिहितील. मारतीलही काही. आमच्यातही नग आहेत, ते आम्हाला ठाऊक आहेत. मूळव्याधीच्या जाहिरातीवर पिचकारी पडते म्हणून जाहिरात लावणं कुणी बंद केलं का?

असा अर्ज घेऊन आमच्यातले चौघेजण एका कचेरीत गेले होते. साहेबांनी अर्ज उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला आणि विचारलं, ‘तुमच्या युनियनला बोनसचं काम उरलं नाही काय?’ टेबलाभोवती हशा पिकला. अर्जावर शिक्का तेवढा मिळाला. तो आम्ही जपून ठेवला आहे.

3 ऑक्टोबर 2024 ला दिल्लीच्या मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पेढे वाटले गेले, आम्हीही खाल्ले. दरवर्षी 27 फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिवशी, मराठीचा गौरव करण्यासाठी फलक लागतात. त्या फलकावर एका बाजूला नेते, दुसऱ्या बाजूला उपनेते, खाली इच्छुक, आणि कुसुमाग्रज कोपऱ्यात तिकिटाएवढे! म्हणून आत्ताच ठणकावून सांगतो, गाडीतल्या कवितेच्या पाटीवर कुणाचाही फोटो चालणार नाही. मंत्र्याचा नाही, संचालकाचा नाही, आमच्या युनियनच्या अध्यक्षाचासुद्धा नाही. कविता, कवीचं नाव, गाव, साल, बस्स. आणि सुविचारही नकोत. स्टँडवरच्या फळ्यावर सुविचार आम्ही खूप वाचले. उद्योगी बना, बचत करा, क्रोध आवरा! सुविचार आमचा मास्तर होऊ पाहतो. कविता बाकड्यावर सरकून शेजारी बसते.

निवड कुणी करायची, ही खरी भानगड आहे. कचेरीतल्या साहेबावर सोपवलं तर तो शाळेच्या पुस्तकातली सोपी, निरुपद्रवी आठ-दहा उचलील आणि मोकळा होईल. पंडितांवर सोपवलं तर आम्हाला एक अक्षर कळणार नाही अशी लावतील. म्हणून पंचमंडळ असावं आणि त्यात एक वाहक, एक चालक, एक शाळामास्तर, एक रोजची प्रवासी बाई आणि एक कामगार हवाच. कवी एखादा असला तर हरकत नाही, पण स्वतःची कविता लावायची नाही या अटीवर!

साठा अफाट आहे. संतांचे अभंग आहेत. सावित्रीबाई फुल्यांचं ‘काव्यफुले’ 1854 चं. केशवसुत आहेत, बालकवी आहेत. बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हतं. त्या 1951 साली गेल्या, आणि दुसऱ्याच वर्षी आचार्य अत्र्यांच्या पुढाकारानं त्यांची गाणी छापून निघाली. कवी जाऊन साठ वर्षं झाली की त्याच्या कवितेवर कुणाचा हक्क राहत नाही, आणि मेल्यानंतर छापलेली असेल तर साठ वर्षं छापल्यापासून धरतात. तेव्हा ही सारी संपत्ती आज लोकांची आहे, तिला एक पैसा पडत नाही. सुर्व्यांसारखे अलीकडे गेलेले आणि जे आज हयात आहेत त्यांची मात्र रीतसर परवानगी घ्यावी आणि मानधन द्यावं. फुकट राबवून घेणं काय असतं हे आम्हाला कुणी सांगायला नको.

रोह्याचं नाव काढायचं तर चिंतामणराव देशमुखांचं बालपण रोह्यात गेलं. 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर दिल्लीचं अर्थमंत्रिपद त्यांनी सोडलं, ते सर्वांना माहीत आहे. त्यांनी कालिदासाचं मेघदूत मराठी पद्यात आणलं, हे किती रोहेकरांना माहीत आहे? रोहा स्टँडवर त्यातलं एखादं कडवं लागलं तर दूर गेलेल्या नवऱ्याची ती कथा भिवंडीला जाणाऱ्याला समजायला जड जाणार नाही.

पण आमच्या मनात सगळ्यांत आधी आहेत त्या ओव्या. जात्यावर दळताना बायकांनी रचल्या त्या. हेमा राईरकर आणि गी प्वातवां या दोघांनी महाराष्ट्रातल्या हजारावर गावांत फिरवून, बायकांच्या तोंडून ऐकून, एक लाखावर ओव्या गोळा केल्या. एक लाख! गिरणीची चक्की आली, जातं कोपऱ्यात गेलं, ओवी म्हाताऱ्यांच्या घशात राहिली. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून पेण-रोहा-अलिबागच्या गाड्यांत आमच्या आयाबहिणी जास्त दिसतात. कोळणी टोपली घेऊन, कातकरीण भाजीचे वाटे घेऊन, कारखान्यातल्या पोरी डबे घेऊन. त्यांच्यासमोर त्यांच्याच आज्यांची ओवी टांगा आणि मग बघा गाडी कशी बोलू लागते. वाचता येणारी पोरगी न वाचता येणाऱ्या आजीला वाचून दाखवील, आजी म्हणेल, ‘अगं ही तर आमच्यात वायली म्हणत्यात.’ झालं की मग!

भिवंडीत आमच्या शेजारच्या मागावर उत्तरेकडचे आणि तेलंगणातले भाऊ आहेत. ते विचारतात, आमचं काय? आमचं म्हणणं, या मुलखातल्या गाडीत पाटी मराठीच असावी. ती वाचत वाचत तेही आमची भाषा शिकतील. पण वर्षातून एखाद्या महिन्यात त्यांच्या मुलखातली एखादी कविता मराठीत आणून लावली तर आमच्या पोटात दुखणार नाही.

आता काम कसं व्हावं ते. एसटीच्या रायगड विभागाचं कार्यालय पेणलाच, रामवाडीत आहे. तेव्हा सुरुवात पेण आणि रोहा या दोन आगारांपासून करा, मुंबईच्या फायलीची वाट बघायला नको. गाडी धुवायला, तपासायला आगारात येतेच, त्या वेळी पाटी बदला. चालकाच्या पाठीमागच्या पत्र्यावर एक आणि मागच्या बाकड्याच्या वर एक. अक्षर चांगलं ठसठशीत, दोन बाकड्यांवरून दिसेल असं, कारण रात्री आतला दिवा मिणमिणता असतो. कागद धुता येईल असा. आठ ओळींच्या वर कविता नको. एका जाहिरातीचं भाडं बुडेल, हे कबूल. पण 1 जून 1948 ला नगरहून पुण्याला पहिली एसटी सुटली ती काय जाहिराती लावायला सुटली होती? रेल्वेचं जरा गुंतागुंतीचं आहे. दिव्यापासून रोह्यापर्यंत मध्य रेल्वे आणि रोह्याच्या पुढं कोकण रेल्वे, म्हणजे दोन दारं वाजवावी लागतील. ती वाजवू. आणि तुतारीत तरी वाट बघायचं कारणच काय? नाव देऊन बसलात, आता कविता लावा!

सह्यांचे कागद पेण आणि रोहा स्टँडवर फिरतील तेव्हा सही करा. ज्याला सही येत नाही त्यानं अंगठा द्यावा, तोही मोजला जाईल. आणि एक काम घरी करा. तुमच्या आईला, आजीला, चुलतीला येत असतील त्या ओव्या, धवले, पाळणे शाळेत जाणाऱ्या पोराकडून कागदावर उतरवून घ्या आणि युनियनच्या माणसाकडे द्या. उतरवताना पोरगं शब्द सुधारायला जाईल, त्याला तसं करू देऊ नका. म्हातारी जसं म्हणते तसंच लिहा, आणि खाली तिचं नाव आणि गाव घाला.